बर्मिंगहॅमची गाडी होटगी रोडला आणू का?

पत्र (थोडक्यात): "नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, राहायला होटगी रोडला. मुलगा चार वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमला शिकायला गेला, तिथंच नोकरीला लागला आणि येत्या डिसेंबरात, म्हणजे २०२६ च्या, कायमचा परत येतोय. त्याच्याकडं दीड लिटर पेट्रोल इंजिनची हॅचबॅक आहे. स्पेनमध्ये बनलेली, मार्च २०२४ चं रजिस्ट्रेशन. त्यानं ती गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली. स्वतःच्या पगारातली त्याची पहिली गाडी. हे मॉडेल भारतात मिळत नाही. तो म्हणतो, विकून येतो. मला वाटतं, आणावी. त्याच्या मित्रानं जपानहून एक गाडी ब्रिटनमध्ये नेली, तिथल्या सरकारी सेंटरवर तपासून घेतली आणि ती पास झाली. मग पुण्यात गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था हाताशी असताना आपली गाडी का पास होऊ नये? मुंबईचा एक एजंट म्हणतो, 'सगळं होतंय मालक, तुमच्या फर्मच्या नावावर आणू, तुम्ही फक्त गाडी बोटीत घाला.' आमचे कंटेनर न्हावाशेवाहून जातच असतात. शिवाय ब्रिटनशी करार होऊन ड्यूटी दहा टक्के झाली म्हणे. दुबईचा मेहुणा म्हणतो, त्यापेक्षा माझ्याकडनं घ्या. काय करावं?"

मालक, आधी उत्तर देतो, कारणं मागून. गाडी आणू नका. या घरात गाडीच्या बाबतीत सध्या शहाणा माणूस एकच आहे, आणि तो बर्मिंगहॅमला आहे.

तुमचं सगळं पत्र एआरएआयच्या चाचणीभोवती फिरतंय. चाचणी पास झाली की गाडी आपली, असं तुम्ही धरून चाललाय. प्रत्यक्षात तुमच्या गाडीच्या वाटेवर चाचणी सगळ्यात शेवटी येते, आणि तिथवर ती पोचतच नाही. तरी सुरुवात चाचणीपासूनच करतो, कारण गैरसमज तिथं आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२६ वा नियम सांगतो की, गाडी बनवणाऱ्यानं किंवा आयात करणाऱ्यानं तिचा नमुना ठरलेल्या संस्थेकडं तपासणीला द्यायचा. त्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे, भोसरीची सीआयआरटी आहे, मानेसरची आयकॅट आहे आणि संरक्षण खात्याची व्हीआरडीई, म्हणजे आपल्या शेजारच्या अहिल्यानगरची. सोलापूरकराला यातल्या तीन संस्था सकाळी निघून दुपारी गाठता येतील अशा अंतरावर आहेत, हे खरं. पण तिथं जी मंजुरी मिळते ती मॉडेलला मिळते. एकेका मालकाच्या गाडीला नाही.

हे तुम्हाला समजावणं सोपं आहे, कारण तुमच्या धंद्यात रोज हेच चालतं. बायर आधी सॅम्पल मागवतो. जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचं वजन, बघायला त्यातनं गोल तुकडा कापतो, रंग उतरतो का बघतो, पाणी किती शोषतं ते बघतो. ते सॅम्पल काही परत विकता येत नाही. पण ते पास झालं की त्याच मालाचे हजारो नग जातात, आणि पुढं मधूनमधून लॉटमधला एखादा नग काढून बघतात की माल सॅम्पलसारखाच आहे ना. गाड्यांचंही तसंच. नियम १२६ म्हणजे सॅम्पल पास करणं, आणि १२६-अ म्हणजे नंतर लॉट तपासत राहणं.

आता सॅम्पलचं काय काय करतात ते बघा. ब्रेक, हॉर्न, दिवे, आरसे, सीट बेल्टचे अँकर, गाडी जवळून जाताना होणारा आवाज, हे सगळं आहेच. धुराची तपासणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, आणि १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ या धुराच्या मानकाच्या दुसऱ्या टप्प्यात गाडीच्या मागं मोजमापाचं यंत्र बांधून खऱ्या रस्त्यावरही होते. शिवाय धडक-चाचणी. एआयएस-०९८ या मानकाप्रमाणे गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर नेऊन आदळतात, तीही समोरचा ४० टक्केच भाग सापडेल अशी. एआयएस-०९९ मध्ये बाजूनं ताशी ५० च्या वेगानं दुसरा अडथळा येऊन तिच्यावर धडकतो. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच मॉडेलना हे लागू आहे. ज्याच्याकडं एकच गाडी आहे, त्यानं आदळायला कुठली द्यायची?

एक गाडी आणणाऱ्यासाठी ही वाटच नाही. ती कंपन्यांची वाट आहे.

"पण युरोपात ही गाडी पास झालेलीच आहे की," असं तुम्ही म्हणाल. झालेली आहे. युरोपातले आणि इतर बरेच देश १९५८ च्या एका करारात आहेत. एकानं दिलेली मंजुरी दुसरा मान्य करतो. भारत त्या करारात नाही. आपण १९९८ च्या दुसऱ्या करारात आहोत. त्यात जगभर सारखे नियम तयार करायचं काम चालतं, पण एकमेकांची सर्टिफिकिटं मान्य करायचं बंधन नाही. म्हणून युरोपचा शिक्का इथं आपोआप चालत नाही.

याला सरकारनं २०१८ साली एक खिडकी ठेवली. युरोपच्या किंवा जपानच्या मानकांना उतरलेल्या गाड्या वर्षाला २,५०० पर्यंत इथली मॉडेल-मंजुरी न घेता आणता येतात. ही बातमी आली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, आता कुणीही गाडी आणावी. ती सवलत गाडी बनवणाऱ्या कंपनीला किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीला आहे. महागड्या गाड्यांच्या कंपन्या थोड्याथोडक्या गाड्या आणून विकतात, त्या या खिडकीतनं. होटगी रोडच्या टॉवेल कारखानदाराला तिथं प्रवेश नाही.

मग मुलाच्या मित्राची गाडी कशी पास झाली? कारण ब्रिटनमध्ये एकट्या गाडीची वेगळी मंजुरी असते. तिला आयव्हीए म्हणतात. डीव्हीएसए नावाच्या सरकारी संस्थेच्या केंद्रावर ती एक गाडी तपासतात, फोडत नाहीत. जपानी गाडी असेल तर मागचा फॉग लॅम्प बसवावा लागतो, स्पीडोमीटर मैलात दिसायला हवा, दिवे बघतात. गाडी आल्यापासून १४ दिवसांत तिथल्या कर खात्याला कळवायचं, कर भागवायचा, मग डीव्हीएलए, म्हणजे तिथलं गाड्यांच्या नोंदणीचं खातं, नंबर देतं. दहा वर्षांहून जुन्या मोटारींना तर ही तपासणी बहुतेक वेळा लागतही नाही. म्हणजे तिथं गाडी जुनी झाली की वाट सोपी होते. आपल्याकडं बरोबर उलटं, गाडी जुनी झाली की वाट बंद. मित्र खोटं बोललेला नाही, त्याचा अनुभव ब्रिटनच्या कायद्यातला आहे आणि तो तिथंच उपयोगाचा आहे.

आता तुमची खरी वाट: वापरलेली गाडी. इथं मात्र एकेक गाडी तपासतात, हे मान्य. आयात धोरणाप्रमाणे सेकंडहँड गाडी बंदरात उतरली की कस्टम्सनं सोडण्याआधी ती एआरएआय किंवा व्हीआरडीईसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते, आणि ती आपल्या मोटार वाहन कायद्याला धरून आहे असं सर्टिफिकेट आणावं लागतं. तुमच्या एजंटानं बहुधा एवढंच वाक्य तुम्हाला ऐकवलं असेल. त्याच्या आधीची वाक्यं अशी आहेत.

गाडीला बनल्याच्या तारखेपासून तीन वर्षांहून जास्त झालेली नसावीत. स्टिअरिंग उजवीकडं हवं. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा हवा. जहाजात चढण्याआधी तिकडं मान्यताप्राप्त एजन्सीकडून तपासणी होऊन दाखला मिळायला हवा. आयातीपासून पुढची किमान पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहील, आणि त्या पाच वर्षांत तिची सर्व्हिस भारतात मिळेल, याची हमी हवी. आणि ती उतरणार फक्त मुंबई बंदरात. तुमचे कंटेनर न्हावाशेवाहून जातात, त्याचा इथं काही उपयोग नाही. परतीचा कंटेनर रिकामा येतो म्हणून त्यात गाडी टाकली, असं होत नसतं.

स्टिअरिंग आणि दिवे ब्रिटनच्या गाडीला जमतात. स्पीडोमीटर डिजिटल असेल तर सेटिंगमधून मैलाचे किलोमीटर होतील. गाडी अडते ती दोन जागी.

पहिली जागा वयाची. मार्च २०२४ चं रजिस्ट्रेशन म्हणून तुम्ही मार्च २०२७ पर्यंतचा हिशेब मांडलाय. नियम रजिस्ट्रेशनची तारीख बघत नाही, बनल्याची बघतो. ब्रिटनमध्ये मार्चला नंबर प्लेटवरचे आकडे बदलतात. मार्च ते ऑगस्ट २०२४ मध्ये '२४' होता. नवा आकडा मिळावा म्हणून लोक मार्चपर्यंत थांबतात, त्यामुळं आधीच बनून आलेल्या गाड्या मार्चला रजिस्टर होतात. स्पेनमधल्या कारखान्यातनं निघून, बोटीनं येऊन, डीलरच्या यार्डात उभी राहिलेली गाडी २०२३ च्या शेवटची असू शकते. मुलाला सांगा, चॅसिस नंबर देऊन कंपनीच्या डीलरकडनं बनल्याची तारीख लेखी घे. ती ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ निघाली तर डिसेंबर २०२६ मध्ये गाडी मुदतीबाहेर गेलेली असेल. डिसेंबर २३ किंवा जानेवारी २४ निघाली तर मुलगा विमानात बसायच्या आधी गाडी बोटीत बसवावी लागेल, तीही तपासणी उरकून.

दुसरी जागा सर्व्हिसची, आणि इथं तर काही पळवाटच दिसत नाही. जे मॉडेल भारतात विकलंच जात नाही, त्याच्या पाच वर्षांच्या सर्व्हिसची हमी कोण देणार? सात रस्त्यावरचा तुमचा नेहमीचा मेकॅनिक गाडी उघडेल, चालूही करेल. त्याच्या हाताबद्दल शंका नाही. पण पुढची काच फुटली, कंट्रोल युनिट गेलं, तर पार्ट युरोपातनं, त्यावर पुन्हा ड्यूटी, आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये. या नियमाची गंमतच अशी आहे की जी गाडी तो सुखानं आणू देईल, ती पुण्याच्या शोरूममध्ये आधीच उभी असते.

परदेशातून कायमचं परतणाऱ्याला सवलत असते, असंही तुम्ही कुठं तरी ऐकलं असणार. असते. सलग किमान दोन वर्षं बाहेर राहून कायमचा परत येणारा माणूस स्वतःची एक गाडी परवान्याशिवाय आणू शकतो. सवलत परवान्यापुरती आहे. ड्यूटी पूर्ण भरायची, तीन वर्षांची अट आणि उजवं स्टिअरिंग तसंच, आणि आणल्यावर दोन वर्षं गाडी विकायची नाही. घरसामान आणताना जी बॅगेजची सूट मिळते त्यात मोटार बसत नाही. कस्टम्स कायद्यातल्या बॅगेजच्या व्याख्येतूनच मोटार बाहेर ठेवलेली आहे. आणि आणायची तर मुलाच्या नावावर, त्याच्या पासपोर्टवर. तुमच्या फर्मच्या आयईसीवर, म्हणजे आयात-निर्यात कोडवर, गाडी मागवली की कायमचं परतणाऱ्याची सवलत तिथंच संपली. इतक्या वर्षांचा तुमचा निर्यातीचा कोरा रेकॉर्ड त्यात अडकवू नका.

आता पैसे. इथं मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण घरात चर्चा करताना याच हिशेबाचा उपयोग होईल.

मुलानं ती सेकंडहँड कितीला घेतली, हे कस्टम्स सहसा विचारात घेत नाही. ते नव्या गाडीच्या किमतीपासून सुरुवात करतात आणि घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. पूर्ण तीन वर्षं धरली तरी ३८ टक्केच सुटतात. समजा नवी असताना गाडी आपल्या पैशात २५ लाखांची होती. घसारा जाऊन राहिले साडेपंधरा. बोटीचं भाडं आणि विमा मिळून दोन लाख धरू. साडेसतरा लाखांवर ड्यूटी लागणार.

वापरलेल्या मोटारीवर २०२५ च्या बजेटपासून मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि त्यावर कृषी पायाभूत सुविधा सेस ६७.५ टक्के आहे. एकूण १३७.५. आधी वेगळ्या नावांनी एवढंच होतं. आकडे या खिशातनं त्या खिशात गेले. साडेसतरा लाखांवर हे झाले २४ लाख ६ हजार. बेरीज ४१ लाख ५६ हजार. यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीच्या वरच्या पेट्रोल गाडीला ४० टक्के, म्हणजे १६ लाख ६२ हजार. गाडी बंदराबाहेर आली ५८ लाखांना. मग आपला आरटीओ. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला एकरकमी कर २० टक्के आहे, आणि तो ड्यूटीसकट किमतीवर. आणखी साडेअकरा लाख. एमएच-१३ ची पाटी लागेपर्यंत तीन वर्षं वापरलेली हॅचबॅक सत्तर लाखांच्या घरात गेली. यात तपासणीची फी, मुंबई-पुणे वाहतूक, एजंटाचे पैसे आणि तपासणी होईपर्यंत बंदरात पडून राहिल्याचं भाडं धरलेलं नाही. डिटेंशन आणि डेमरेज कसं चढतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दर बजेटमध्ये हलतात, आणि लागू होतो तो बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे कस्टम्सकडं आयातीचा कागद भरण्याच्या, वेळचा. त्यामुळं आकडे पुढंमागं होतील. पण सत्तरचे पंचवीस होणार नाहीत.

ब्रिटनशी झालेल्या कराराचं. जुलै २०२५ मध्ये सही झाली, गाड्यांवरची ड्यूटी टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं त्यात ठरलं, इथपर्यंत तुमची माहिती बरोबर. पण ती ठरलेल्या कोट्यापुरती, आणि ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला. तुमच्या मुलाची गाडी स्पेनची. ब्रिटनमध्ये विकत घेतली म्हणून ती ब्रिटिश होत नाही. तुम्ही निर्यात करताना सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन काढताच, हे तेच.

मेहुण्यांचं प्रकरण लहान आहे. दुबईत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, स्टिअरिंग डावीकडं. आपलं आयात धोरण उजवंच स्टिअरिंग मागतं. "इथं आणून बदलून घेऊ" हे चालत नाही, कारण अट गाडी येताना पाळलेली असावी लागते, आल्यावर नव्हे. मेहुण्यांना खजूर पाठवायला सांगा.

आता एजंट. "सगळं होतंय मालक" हे वाक्य सोलापुरात चहाच्या टपरीपासून महापालिकेपर्यंत ऐकू येतं आणि बऱ्याचदा खरंही ठरतं. इथं ते धोक्याचं आहे. असे लोक सहसा तीन गोष्टी सुचवतात. पहिली, वय जास्त असलं तर कागदावर कमी दाखवू. दुसरी, कस्टम्सनं धरली तर दंड भरून सोडवू. कायद्यात जप्त मालाबदली दंड भरायची सोय आहे हे खरं, पण ज्या मालाला आयातीची परवानगीच नाही तिथं ती द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात असतं. दंड आणि पेनल्टी भरूनही गाडी परत पाठवा असा आदेश निघू शकतो. तिसरी, कार्नेवर आणू. कार्ने म्हणजे पर्यटकाची सोय: गाडी सहा महिन्यांसाठी ड्यूटी न भरता आणायची आणि परत न्यायची. कायमचं परतणाऱ्या माणसानं कार्नेवर गाडी आणली तर सातव्या महिन्यात ती गाडी चोरटी आयात ठरते, आणि गॅरंटी देणाऱ्या संस्थेकडून वसुली तुमच्याकडं येते.

हे नुसतं घाबरवायला सांगत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सनं 'ऑपरेशन नुमखोर' नावाची मोहीम काढली. भूतानमार्गे आलेल्या परदेशी गाड्या बनावट कागदांवर दुसऱ्या राज्यांत रजिस्टर करून विकल्या गेल्याचा तो मामला. गाड्या नामवंत लोकांच्या अंगणातनं उचलून नेल्या. घेणाऱ्यांपैकी काहींच्या हातात रीतसर दिसणारं आरसी बुक होतं. आरटीओचा नंबर लागला म्हणजे आयात कायदेशीर झाली, असा अर्थ निघत नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत आणि दोन वेगळी खाती.

राहिली तुमच्या पत्रातली मधली ओळ, "स्वतःच्या पगारातली त्याची पहिली गाडी." मला वाटतं पत्र त्या ओळीसाठीच लिहिलंय. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पाहुणे येतील, दारात ती गाडी असावी, पोरगं तिकडं काय कमावून आलं ते चार लोकांना दिसावं. यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती गाडी त्याची आहे, आणि तो विकायला तयार आहे. बापानं मुलाच्या गाडीत मुलापेक्षा जास्त जीव अडकवला की पुढं दोघांनाही जड जातं. तपासणीच्या रांगेत उभं राहून त्याची परतल्यानंतरची पहिली महिनाभराची सुट्टी जावी, असं तुम्हालाही वाटत नसणार.

त्याऐवजी त्याला तिकडं काही गोष्टी नीट करू द्या. विकताना नव्या मालकाचं नाव डीव्हीएलएला ऑनलाइन कळवायचं. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स त्याला परत मिळतो. ते न करता तो निघून आला तर नंतरच्या दंडाच्या नोटिसा त्याच्याच नावानं निघत राहतील. विकायचं ऑक्टोबरच्या आत बघावं. पुढच्या मार्चला गाडी तीन वर्षांची होते, आणि तिकडं तीन वर्षांनी एमओटी नावाची तपासणी सुरू होते. घेणारे हा हिशेब धरूनच भाव करतात.

आणि एक कागद मात्र न विसरता आणायला सांगा: तिथल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र. परदेशात मिळवलेला बोनस इथल्या मोटार विम्यात धरायची सोय आपल्या विम्याच्या नियमांत आहे. तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथं विमा घ्यायचा, एवढी अट. गाडी इथं कुठलीही घ्या, पहिल्याच वर्षी हप्ता उतरेल. एजंट लोकांना हे सांगायचं सुचत नाही, त्यात त्यांना काही सुटत नाही.

गाडी इथं घेताना निवड मुलाला करू द्या, आणि तिच्या मॅन्युअलमध्ये ई२० पेट्रोल चालतं असं लिहिलंय का ते बघा. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल आहे. बर्मिंगहॅमच्या पंपावर साधं पेट्रोल ई१० असतं. म्हणजे ती गाडी आणली असती तर हाही एक घोर लागला असता.

एजंटाला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल, तर त्याला व्हॉट्सअॅपवर तीन प्रश्न लेखी टाका: बनल्याची तारीख कुठल्या कागदावरून धरणार, भारतात न विकल्या जाणाऱ्या मॉडेलच्या पाच वर्षांच्या सर्व्हिसची हमी कोणाच्या सहीनं देणार, आणि तपासणीत नापास झाली तर गाडी परत पाठवायचा खर्च कोणाचा. फोनवर उत्तर द्यायला लागला तर म्हणा, "लिहून पाठवा की." टोकन परत मिळवायचा याहून जवळचा रस्ता मला माहीत नाही.